अनंताची रुजवात

जुना कॅमेरा हौसेने बाळगणाऱ्या मंडळींची कैफियत बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. भिंगाच्या पोटात बुरशीचे जाळे पसरले होते म्हणून ते उघडले, काचा पुसल्या, सुकलेले वंगण काढून नवे भरले, सारे भाग ज्या क्रमाने काढले त्याच्या उलट क्रमाने पुन्हा बसवले, आणि आता काच पाहावी तर पाण्यासारखी निर्मळ, पण छायाचित्र पाहावे तर त्यात एक रेषा धड नाही. दुकानातल्या भाषेत सांगायचे तर ‘फोकसच बसत नाही’. नाशिकात ही तक्रार कानी येते, याला इथली हवाही काही अंशी कारण आहे. आषाढ-श्रावणात त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूने येणारी ओल, चामडी पेटीत घालून कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्याला बुरशी धरायला पुरेशी असते. आणि पौष-माघात निफाडच्या अंगाने येणारा गारठा चाळीस-पन्नास वर्षांच्या वंगणाचा असा काही डिंक करून टाकतो, की फोकसचे कडे दोन्ही हातांनी पिळले तरी जागचे हलत नाही. भिंग उघडण्याचे निमित्त असे कधी पावसाळा पुरवतो, कधी हिवाळा. मिटवण्याची जबाबदारी मात्र ज्याची त्याच्यावर येते.

अशा वेळी संशयाचा पहिला रोख काचेवर जातो. काचेवरचे लेपन पुसले गेले असेल, ओरखडे पडले असतील, जुने भिंग ते जुनेच, अशी मनाची समजूत घालून पुष्कळ जण ते कायमचे अडगळीत टाकतात. माझ्या मते हा काचेवर अन्याय आहे. येनाच्या झाइस कारखान्यात पाउल रुडोल्फ यांनी १९०२ साली ‘टेसार’ ही चार काचांची रचना सिद्ध केली, आणि त्या रचनेवर बेतलेली भिंगे पुढे कित्येक दशके जगभरच्या कॅमेऱ्यांत बसत गेली. त्यांतल्या एखाद्या भिंगाची जी काच परवापर्यंत केसाएवढी रेषा बिनचूक उमटवत होती, ती एका दुपारच्या साफसफाईने ते काम विसरत नाही. पृष्ठभागावरच्या बारीक ओरखड्यांनी चित्राचा उठाव थोडा मंदावतो, उजेडाकडे तोंड केले तर धुरकटपणा येतो, परंतु रेषा फुटत नाही. रेषा फुटते ती काच आपल्या जागेवरून ढळल्यामुळे. भिंगाची तीक्ष्णता ही एकट्या काचेची मिरास नव्हे. ती काच आणि अंतर यांची सामाईक मालमत्ता आहे, आणि भिंग उघडून मिटवताना जे हरवते ते जवळजवळ नेहमी दुसऱ्या हिस्सेदाराकडचे असते.

हे अंतर किती नाजूक असते ते आकड्यांवरूनच ध्यानात यावे. फार दूरच्या वस्तूपासून निघालेले किरण भिंगापाशी पोचेपर्यंत व्यवहारतः समांतर झालेले असतात. भिंग त्यांना ज्या बिंदूत एकत्र आणते ती त्याची नाभी, आणि तिथपर्यंतचे अंतर ते नाभीय अंतर. नाभीय अंतर ५० मिलिमीटर असलेले सर्वसाधारण भिंग घेतले, तर दूरचा डोंगर रेखीव उमटण्यासाठी त्याचे प्रकाशीय केंद्र फिल्मपासून तेवढ्याच अंतरावर असले पाहिजे. वस्तू जवळ आली की भिंगाने पुढे सरकायचे: १ मीटरवरच्या वस्तूसाठी सुमारे २.६ मिलिमीटर, १० मीटरवरच्या वस्तूसाठी अवघा पाव मिलिमीटर, आणि १०० मीटरवरच्या वस्तूसाठी मिलिमीटरचा चाळिसावा हिस्सा. म्हणजे दहा मीटरवर उभ्या असलेल्या माणसापासून थेट क्षितिजापर्यंतचे सारे जग भिंगाच्या पाव मिलिमीटरच्या चालीत सामावलेले आहे. आता त्या चालीत साध्या कागदाच्या जाडीएवढी, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी, चूक राहून भिंग तेवढे पुढे बसले, तर कडे शेवटच्या खुणेपर्यंत फिरवूनही त्याची नजर पंचवीस मीटरांपलीकडे पोचणार नाही. रामकुंडाच्या पायरीवरचा जवळचा यात्रेकरू रेखीव येईल, आणि त्याच्या पाठीमागे दूरवर उभी असलेली देवळांची शिखरे धूसर होतील.

यात फसगतीला जागा आहे ती अशी. भिंगाचे ॲपर्चर पूर्ण उघडे, समजा एफ २ वर, ठेवले तर फिल्मच्या मागेपुढे जेमतेम ०.०६ मिलिमीटरपर्यंतची चूक सामान्य आकाराच्या छापील चित्रात खपून जाते. तेच एफ ८ वर आणले की ही सवलत चौपट होते. दुरुस्तीनंतरचा पहिला रोल भर उन्हात, बारीक ॲपर्चरवर काढला जातो, चित्रे बरी येतात, मालक समाधान पावतो, आणि दोष उघडकीस येतो तो महिन्या-दोन महिन्यांनी, एखाद्या लग्नाच्या मांडवात, जिथे उजेड कमी म्हणून ॲपर्चर पुरते उघडावे लागले आणि जिथला प्रसंग पुन्हा घडवून आणता येत नाही. म्हणून भिंगाची परीक्षा नेहमी पूर्ण उघड्या ॲपर्चरवर करावी, हा या कामातला पहिला जाबता.

कारखानदारांनी हे अंतर दोन ठिकाणी मुक्रर केलेले असते. कॅमेऱ्याच्या तोंडावरच्या ज्या धातूच्या कड्याला भिंग टेकते तिथपासून फिल्मपर्यंतचे अंतर हा कॅमेऱ्याचा करार; लायकाच्या जुन्या आट्यांच्या कॅमेऱ्यांत ते २८.८ मिलिमीटर, ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांच्या पेंटॅक्स व प्राक्टिका कॅमेऱ्यांत सुमारे ४५.५, आणि निकॉनच्या एफ जातीत ४६.५. भिंगाचा करार याला पूरक असतो: आपले कडे आडव्या आठाच्या, म्हणजे अनंताच्या, खुणेवर असताना दूरचे चित्र त्याच टेकणीपासून बरोबर तेवढ्या अंतरावर उमटले पाहिजे. दोहोंपैकी कोणी करार मोडला याची शहानिशा करायला तज्ज्ञ लागत नाही. त्याच कॅमेऱ्यावर दुसरे, न उघडलेले भिंग चढवून पाहावे. ते रेखीव पाहत असेल तर कॅमेरा निर्दोष ठरला आणि चौकशी भिंगापुरती उरली.

त्या चौकशीत मळसूत्राची साक्ष पहिली. भिंगाला पुढेमागे नेणारी यंत्रणा म्हणजे एकीत एक बसणाऱ्या दोन-तीन नळ्या आणि त्यांच्यावर कापलेले मळसूत्र. साध्या स्क्रूच्या आट्याला एकच तोंड असते. भिंगाच्या मळसूत्राला मात्र पुष्कळदा चार, सहा किंवा त्याहूनही अधिक तोंडे असतात, कारण कड्याच्या अर्ध्या-पाऊण फेऱ्यात भिंगाला पाच-सहा मिलिमीटर वाट चालायची असते आणि एकतोंडी बारीक आट्याने ते साधत नाही. लोणच्याच्या बरणीचे झाकण असेच बहुतोंडी असते आणि कोणत्याही तोंडाने लावले तरी बसते; बरणीचे त्यात काही बिघडत नाही, भिंगाचे सारेच बिघडते. समजा पूर्ण फेऱ्यात भिंग १२ मिलिमीटर सरकते आणि आट्याला तोंडे ६ आहेत, तर एक तोंड चुकले की भिंग २ मिलिमीटर पुढे किंवा मागे बसले म्हणून समजावे. आणि दोन मिलिमीटर पुढे बसलेल्या पन्नासच्या भिंगाला सुमारे १.३ मीटरांपलीकडचे काहीच रेखीव दिसत नाही. ताटातले पदार्थ दिसतील, पंगतीतला समोरचा माणूस दिसणार नाही.

म्हणूनच जाणता कारागीर नळ्या अलग करताना उतावीळ होत नाही. कडे सावकाश उलटे फिरवत नेले की एका ठिकाणी आटे संपतात. त्या क्षणी हातातली नळी किंचित लुळी पडते, बोटांना अगदी बारीकशी ठेच लागल्यासारखे होते, आणि ती अलगद निसटते. नेमक्या त्या जागी, आधी नव्हे आणि नंतरही नव्हे, आतल्या व बाहेरच्या नळीवर समोरासमोर सुईने एकेक रेघ ओढून ठेवायची. शाईची खूण कामाची नाही, कारण जुने वंगण धुण्यासाठी लायटरचे पेट्रोल वापरले की वंगणाबरोबर शाईही धुऊन निघते. ज्याने खूण केली नाही त्याला एकेक तोंड पाळीपाळीने लावून पाहण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तो शोध कंटाळवाणा असला तरी त्याला अंत आहे. तोंडे सहा असतील तर निकाल फार तर सहाव्या खेपेस लागतो. कोणते तोंड लावून काय दिसले याचे टिपण कागदावर करीत जावे, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या खेपेला मागचा हिशेब डोक्यात राहत नाही. जाता जाता वंगणाविषयीही सांगून टाकतो: घरात हाताशी असते म्हणून शिलाई मशीनचे तेल मळसूत्रात सोडण्याचा मोह पुष्कळांना होतो, आणि आठवडाभर कडे लोण्यासारखे फिरतेही, पण पातळ तेल एका जागी राहत नाही, ते झिरपत झिरपत ॲपर्चरच्या पात्यांवर जाऊन बसते, आणि एक दुखणे बरे करताना दुसरे विकत घेतले जाते. इथे दाट ग्रीसच पाहिजे, आणि तेही बोटावर पुसटसे दिसेल इतकेच.

मळसूत्र निर्दोष ठरले तर संशय जातो पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ चकत्यांवर. कारखान्यातून निघणारी दोन भिंगे कधीच तंतोतंत सारखी नसतात. एकाचे नाभीय अंतर केसभर जास्त, दुसऱ्याचे केसभर कमी. ही तफावत भरून काढण्यासाठी काचेच्या संचामागे कागदासारख्या पातळ चकत्या घालून जुळणी करणारा कारागीर प्रत्येक भिंग वेगळे बसवत असे. साफसफाई करताना ही चकती जुन्या वंगणाला चिकटून बसते, कापसाच्या बोळ्याबरोबर केराच्या टोपलीत जाते, आणि ती गेली याचा पत्ताही लागत नाही, कारण तिच्यावाचूनही सगळे भाग घट्ट बसतात. ज्याने भिंग उघडले त्याने केर टाकण्यापूर्वी तो चाळून पाहावा.

काचच उलटी बसली असेल तर मामला निराळा. टेसारसारख्या भिंगातली दुसरी काच दोन्ही अंगांनी खोलगट असते, पण दोन्ही अंगांचा खोलगटपणा सारखा नसतो, आणि ती उलटी घातली तरी आपल्या घरात बिनतक्रार बसते. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. छतावरच्या ट्यूबलाइटखाली काच धरून एकेका पृष्ठावर पडलेले दिव्याचे प्रतिबिंब पाहावे. ज्या पृष्ठाची वक्रता अधिक त्याच्यावरचे प्रतिबिंब लहान. उघडतानाच हे पाहून कोणते अंग पुढे होते त्याची नोंद केलेली असेल तर पुढचा सारा वाद मिटतो. दोषाची जात चित्रावरूनही कळते. चित्र कोठे ना कोठे लख्ख रेखीव होते, पण कड्यावरच्या आकड्याशी त्याचा मेळ नसतो, तेव्हा दोष केवळ जागेचा. कडे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवूनही रेखीवपणा कुठेच सापडत नाही, तेव्हा काच उलटी आहे किंवा दोन काचांमधले कडे राहून गेले आहे. आणि चित्राची डावी बाजू रेखीव व उजवी पुसट असेल, तर एखादी काच घरात तिरपी बसली आहे. तिच्यावरचे कडे सैल करून, भिंग आडवे न धरता सपाट ठेवून, काच आपल्या वजनाने बसू द्यावी आणि मग कडे आवळावे.

आता मुख्य कामाकडे वळू. काचा जागेवर आहेत, मळसूत्र बरोबर तोंडाने लागले आहे. राहिली ती कड्यावरच्या अनंताची खऱ्या अनंताशी रुजवात. बहुतेक भिंगांत फोकसचे कडे मळसूत्रावर तीन बारीक, बिनडोक्याच्या स्क्रूंनी धरलेले असते, आणि ते सैल केले की कडे मळसूत्राला न हलवता मोकळे फिरते. म्हणजे भिंग आधी दूरच्या वस्तूवर प्रत्यक्ष बसवायचे आणि मग आकड्यांचे कडे आणून त्याच्याशी जुळवायचे. प्रश्न इतकाच की दूरची वस्तू म्हणून काय निवडावे. पन्नासच्या भिंगाला एक किलोमीटरवरचे झाड आणि अनंत यांत मिलिमीटरच्या चारशेव्या हिश्शाचा फरक आहे, तो सोडून दिला तरी चालतो. परंतु १३५ मिलिमीटरच्या भिंगाला हाच फरक सातपट होतो, म्हणून भिंग जितके लांबचे तितकी खूणही लांबची घ्यावी. या बाबतीत नाशिककर भाग्यवान आहेत. पश्चिमेला अंजनेरी आणि ब्रह्मगिरीची रांग वीस-पंचवीस किलोमीटरांवर आभाळात सरळ रेघ ओढून उभी आहे, आणि सकाळचे ऊन समोरून तिच्या अंगावर पडत असल्याने पहिल्या दोन तासांत तिचे कातळ वेगळे मोजता येतात. संध्याकाळी काम करणाऱ्याने पाठ फिरवून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या पाहाव्यात. डोंगराच्या ओबडधोबड कडेपेक्षा चिमणीची उभी, नितळ कड परीक्षेला अधिक सोयीची. दुपार मात्र टाळावी. चैत्र-वैशाखात तापलेल्या माळावरून उठणारी हवा दूरच्या प्रत्येक रेषेला कंप देते, आणि त्या थरथरीवर फोकस बसवू पाहणारा माणूस अनंताच्या अलीकडे-पलीकडे नुसता घुटमळत राहतो.

ब्रह्मगिरीच्या पायथ्याच्या त्र्यंबकेश्वरातच ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला, आणि फोकस कुठे पाहावा या प्रश्नाचे त्यांच्या पिढीने दिलेले उत्तर आजही सर्वांत सरळ आहे. चित्रपटाच्या ध्यासाने अहोरात्र पाहण्यापायी फाळक्यांची स्वतःचीच दृष्टी मध्यंतरी काही काळ गेली होती आणि उपचारांनी व चष्म्यांनी ती परत आली. त्यानंतर १९१२ साली लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला, वाटाण्याच्या दाण्याला अंकुर फुटून वेल वाढते ते दृश्य दिवसेंदिवस एकेक चौकट टिपून चित्रित केले, ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर ठेवला, आणि त्याच वर्षी बिऱ्हाड व कारखाना नाशिकला हलवून ‘लंकादहन’सारखी चित्रे इथे काढली. वाटाण्याच्या त्या वेलीचा विचार करावा: वस्तू हाताच्या अंतरावर, भिंग पुष्कळ पुढे ओढलेले, आणि इतके दिवस कॅमेरा वा भिंग तसूभर हलले तर सारा खटाटोप वाया. त्या काळच्या हातचक्रीच्या लाकडी कॅमेऱ्यांत फोकस पाहण्याची रीत बहुधा अशी असे की कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या नळीला डोळा लावायचा आणि कच्च्या फिल्मच्या दुधट पट्टीवरच उलटे पडलेले चित्र बघायचे. पाहण्यात तेवढ्या चौकटी उजेड लागून फुकट जात, पण त्याबद्दल जे हाती येई ते अमोल होते: जिथे चित्र उमटायचे तिथलेच चित्र डोळा पाहत असे, मध्ये आरसा नाही, मापपट्टी नाही, कोणाची मध्यस्थी नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर कॅमेराच घरी बनवला आणि त्यावर १९२० चा ‘सैरंध्री’ काढला. स्वतः कॅमेरा बनवणाऱ्याला भिंगापासून फिल्मपर्यंतचे अंतर कोणत्याही कारखान्याच्या दप्तरात पाहायला मिळत नाही, ते चित्र पाहूनच मुक्रर करावे लागते.

आपणही तेच करायचे. कॅमेऱ्याची पाठ उघडून, शटर ‘बी’ किंवा ‘टी’ वर उघडे ठेवून, फिल्मच्या जागी दुधी काचेचा तुकडा धरायचा. तो नसेल तर ट्रेसिंग पेपर ताणून बसवला तरी भागते, मात्र काचेची खरखरीत बाजू भिंगाकडे हवी. फिल्मच्या चौकटीलगत रुळांच्या दोन जोड्या असतात: आतली फिल्म टेकण्यासाठी, बाहेरची तिला इकडेतिकडे सरकू न देण्यासाठी, आणि बाहेरची जोडी किंचित उंच असते. काच आतल्या जोडीवर टेकली पाहिजे. रुंद काच बाहेरच्या रुळांवर राहिली तर आपण मोठ्या कसोशीने भलत्याच जागेचा फोकस बसवून मोकळे होतो. कॅमेरा तिपाईवर अंजनेरीकडे रोखायचा, डोक्यावर काळे कापड घ्यायचे, आणि आठ-दहापट मोठे दाखवणारे घड्याळजीचे भिंग काचेला लावायचे. डोंगर पायथा वर, माथा खाली असा दिसतो. मळसूत्र सावकाश फिरवावे: आधी कडेची रेघ जाड, मऊ असते, मग ती बारीक होत होत एकदम आवळते, कातळातल्या भेगा सुट्या होतात, आणि आणखी जरा पुढे गेले की पुन्हा सुटते. आवळण्याच्या बिंदूपलीकडे जाऊन मागे यावे, पुन्हा अलीकडे जाऊन पुढे यावे, आणि दोन्ही बाजूंनी हात जिथे थांबतो ती जागा खरी मानावी. तिथे मळसूत्र बोटांनी घट्ट धरून मोकळे कडे अनंताच्या खुणेपर्यंत आणायचे, तिन्ही स्क्रू थोडथोडे, आळीपाळीने आवळायचे, आणि पुन्हा बघायचे. एकच स्क्रू आधी पुरता आवळला तर तो कड्याला एका अंगाला ओढतो आणि केलेली जुळणी ढळते.

इतके झाल्यावर जवळच्या अंतराची तपासणी न चुकता करावी, कारण ती केवळ पुनरुक्ती नव्हे. कॅमेऱ्याच्या डोक्यावर वर्तुळाला छेदून जाणारी एक बारीक रेघ कोरलेली असते, ती फिल्मची जागा. तिथपासून फितीने एक मीटर मोजून छापील मजकुराचा कागद लावावा आणि कड्याच्या १ या आकड्यावर तो रेखीव दिसतो का ते पाहावे. अनंत बिनचूक, पण एक मीटर चुकते, असे आढळले तर कडे पुन्हा हलवण्यात अर्थ नाही. कड्यावरचे आकडे एका विशिष्ट नाभीय अंतरासाठी कोरलेले असतात. दोन्ही टोके जुळत नाहीत याचा अर्थ भिंगाचे नाभीय अंतरच पालटले, आणि ते पालटते काच उलटी पडल्याने किंवा दोन काचांमधली जागा बदलल्याने. त्या वेळी भिंग पुन्हा उघडण्यावाचून इलाज नाही.

पावसाळ्यात ही सारी व्यवस्था कोलमडते. ढग उतरले की ब्रह्मगिरी, अंजनेरी दिसेनाशी होते, जवळचा पांडवलेण्यांचा डोंगरही अर्धामुर्धा झाकतो. तेव्हा खोलीत बसून अनंत पाहण्याची एक सुंदर तोड आहे. नाभीपाशी ठेवलेल्या बिंदूतून निघालेला प्रकाश भिंगातून उलट बाहेर पडताना समांतर होतो, म्हणजे तो अनंतातून आल्यासारखाच असतो. म्हणून दुरुस्त करायच्या कॅमेऱ्यात, फिल्मच्या जागी, फुली ओरखडलेला निगेटिव्हचा तुकडा बसवून त्याच्या पाठीमागे दिवा ठेवावा, आणि समोरून दुसऱ्या, आरशाच्या कॅमेऱ्यावर १३५ किंवा २०० मिलिमीटरचे भिंग अनंतावर ठेवून पहिल्या भिंगाच्या तोंडात पाहावे. फुली रेखीव दिसली तर पहिले भिंग अनंतावर आहे; पुसट दिसली तर नाही. दोन कॅमेऱ्यांत वीतभर अंतर असो की हातभर, निकालात फरक पडत नाही. पाहणारे भिंग लांबचे असेल तितकी चूक ठळक होते: पन्नासच्या भिंगातली चूक १३५ च्या भिंगातून सुमारे सातपट मोठी होऊन दिसते. अट एकच, की पाहणाऱ्या भिंगाचे अनंत आधी दिवाळीच्या सुमारास, हवा स्वच्छ असताना, डोंगरावर पारखून ठेवलेले असावे.

हल्ली पुष्कळ जण जुने भिंग ॲडॉप्टर लावून नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवतात आणि तिथेच त्याचे अनंत जुळवतात. सोय खरी, पण बाजारातले कित्येक ॲडॉप्टर मुद्दाम थोडे आखूड केलेले असतात, कारण अनंत खुणेच्या आधीच मिळाले तर गिऱ्हाईक तक्रार करत नाही, मुळीच मिळाले नाही तर करते. अशा आखूड ॲडॉप्टरवर कड्याची खूण जुळवलेले भिंग मूळच्या कॅमेऱ्यावर परत गेले की फिल्मपासून गरजेपेक्षा दूर बसते आणि डोंगर गमावते. भिंग ज्या कॅमेऱ्यावर वापरायचे त्याच्यावरच त्याची रुजवात घालावी.

घडीच्या कॅमेऱ्यांत बहुधा पुढची एकटी काच फिरवून फोकस होतो, आणि आग्फाच्या जुन्या घडी-कॅमेऱ्यांतले हिरवट वंगण दगडासारखे होते म्हणून ती काच आट्यांसकट काढावीच लागते; तिथे कड्यावरच्या आकड्यांवर विसंबणे व्यर्थ, दुधी काचेवर शून्यापासून काम करावे. स्टुडिओवाल्यांच्या दोन भिंगांच्या रोलीफ्लेक्स-याशिकामध्ये चित्र काढणारे खालचे भिंग आधी फिल्मच्या जागी पारखावे आणि मग वरचे भिंग त्याच्या आट्यांवर फिरवून पडद्यावरचे चित्र त्याच्याशी जुळवावे. क्रम उलटा केला तर पडदा रेखीव दाखवत राहतो आणि रोल पुसट निघत राहतो. लायका जातीच्या कॅमेऱ्यांत अंतरमापी भिंगाच्या चालीवर चालते, आणि ती ज्या ‘पन्नास’च्या हिशेबाने बांधलेली असते त्याचे खरे नाभीय अंतर ५१.६ मिलिमीटर असते, म्हणून वेगळ्या हिशेबाने बांधलेले परके भिंग चढवले की दूरचे बरोबर येऊनही जवळचे घसरते. कॅमेरा कोणताही असो, शेवटी फिल्मचा एक रोल या कामी खर्ची घालावा: टेबलावर मोजपट्टी तिरपी अंथरून तिच्या मधल्या आकड्यावर, ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवून, फोकस करावा, चार-सहा चौकटी काढाव्यात, काही डोंगराच्या काढाव्यात, आणि धुतलेली निगेटिव्ह त्याच घड्याळजीच्या भिंगाखाली तपासावी. मधलाच आकडा सर्वांत कातीव आला असेल, तर त्या तीन स्क्रूंवर नेलपॉलिशचा एकेक थेंब सोडून भिंगाच्या तोंडावरचे, नाव कोरलेले कडे बसवून टाकावे.